सहा आठवड्यांचं पुनर्वसन आणि त्यानंतरचे अकरा महिने : एक प्रकरण अभ्यास

एप्रिल 2024 च्या शेवटी दक्षिण जर्मनीतल्या एका मनोकायिक, म्हणजे मन आणि शरीर दोन्हींच्या त्रासावर एकत्र उपचार करणाऱ्या, पुनर्वसन क्लिनिकमधून 43 वर्षांच्या एका मराठी बाई सहा आठवड्यांनी घरी आल्या. निघताना त्यांची झोप बरीच सुधारली होती, मान-पाठीचं दुखणं कमी झालं होतं आणि नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-9 या प्रश्नावलीवर त्यांचे गुण 18 वरून 8 वर उतरले होते. 27 पैकी 10 किंवा त्याहून जास्त गुण आले की काळजी करावी असं साधारण धरतात. म्हणजे कागदावर उपचार यशस्वी. दोन महिन्यांनी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा हाच आकडा 14 होता आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, “ताई, सगळं वाया गेलं हो.”

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. पुनर्वसनानंतरच्या बाह्यरुग्ण गटांपैकी एक गट मी चालवते. ओळख पटू नये म्हणून या प्रकरणात वय, व्यवसाय, तारखा आणि घरचे तपशील बदलले आहेत आणि एकसारख्या काही रुग्णांचे अनुभव एकत्र केले आहेत. यंत्रणेचे नियम मात्र जसे आहेत तसेच आहेत. हे प्रकरण लिहावंसं वाटलं, कारण क्लिनिकमध्ये काय होतं याबद्दल पुष्कळ बोललं जातं, पण घरी परतल्यावरच्या पहिल्या तीन महिन्यांकडे फारसं कुणी पाहत नाही. माझ्या मते तरणं-बुडणं ठरतं ते तिथेच.

पार्श्वभूमी

बाई मूळच्या सांगलीच्या, गेली चौदा वर्षं श्टुटगार्टच्या परिसरात. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअर चाचणीच्या टीमच्या प्रमुख. नवरा आयटीत, मुलगा अकरा वर्षांचा. कंपनीची दुसरी टीम पुण्यात. कागदावर त्यांचं काम चाचणीचं होतं. प्रत्यक्षात त्या दोन कार्यालयांच्या मधोमध उभ्या होत्या. जर्मन मॅनेजर चिडला की पुण्याला सौम्य करून सांगायचं, पुण्याने मुदत चुकवली की इकडे सांभाळून घ्यायचं. उन्हाळ्यात जर्मनी आणि भारत यांच्या वेळेत साडेतीन तासांचं अंतर असतं, म्हणून पुण्याच्या दहाच्या बैठकीला या सकाळी साडेसहाला घरच्या स्वयंपाकघरातून हजर. एका हाताने मुलाचा डबा, कानात हेडफोन.

2021 च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, त्यांचे वडील सांगलीत गेले. त्या काळात जर्मनीने भारताला विषाणूच्या नव्या प्रकाराचा प्रदेश म्हणून घोषित केलं होतं, प्रवासावर कडक निर्बंध होते. त्या जाऊ शकल्या नाहीत. अंत्यविधी त्यांनी मोबाइलवर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाच्या बैठकीला बसल्या. कुणाला सांगितलंही नाही.

दुखणं सुरू झालं त्यानंतर काही महिन्यांनी. आधी मान, मग पाठ, मग रात्री छातीत धडधड आणि जीव घाबरा होणं. एमआरआयमध्ये वयाला साजेशी झीज, होल्टर (दिवसभर चालणारा ईसीजी) नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. प्रत्येक नॉर्मल रिपोर्टने त्यांना दिलासा मिळायच्या ऐवजी अपमान वाटत गेला, कारण घरच्यांच्या चेहऱ्यावर “मग दुखतंय काय?” हा प्रश्न दिसायचा. ऑक्टोबर 2023 मध्ये फॅमिली डॉक्टरांनी आजारपणाची रजा दिली, ती वाढतच गेली. निदान झालं ते मध्यम तीव्रतेचं नैराश्य आणि सोबत एफ 45.41, म्हणजे शारीरिक आणि मानसिक घटक असलेली दीर्घकालीन वेदना. हा कोड आयसीडी-10 या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीच्या जर्मन आवृत्तीत 2009 पासून आहे. मला तो फार उपयोगाचा वाटतो. रुग्णाला “तुमचं सगळं मनाचं आहे” असं सांगावं लागत नाही. झीजही खरी, ताणही खरा.

ते पत्र

जर्मनीत आजारी पडल्यावर पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो. त्यानंतर आरोग्य विमा आजारपण भत्ता देतो, एका आजारासाठी तीन वर्षांत जास्तीत जास्त 78 आठवडे. भत्ता सुरू होऊन काही आठवडे झाले की अनेकांना विमा कंपनीचं एक पत्र येतं : दहा आठवड्यांच्या आत पुनर्वसनासाठी अर्ज करा, नाहीतर भत्ता थांबेल. बाईंना ते डिसेंबरात आलं. त्यांना वाटलं, आता आपल्याला कामातून काढून पेन्शनीत ढकलणार. ही भीती अगदीच निराधार नाही, कारण पुनर्वसनातून काम करण्याची क्षमता परत येण्याची शक्यता दिसली नाही, तर त्या अर्जाचं रूपांतर पेन्शनच्या अर्जात होऊ शकतं. पण मूळ हेतू उलटा आहे. इथे नोकरदारांच्या पुनर्वसनाचा खर्च बहुतांशी निवृत्तिवेतन विमा उचलतो, आरोग्य विमा नव्हे. माणूस कामावर परतला तर पेन्शन द्यावी लागत नाही, इतका सरळ हिशोब. काम करण्याची क्षमता गेल्यामुळे नव्याने पेन्शन घेणाऱ्यांत मानसिक आजार हे सर्वांत मोठं कारण आहे, 40 टक्क्यांहून जास्त. त्यामुळे या विम्याला मनोकायिक पुनर्वसनात खरंच रस असतो.

मार्चमध्ये त्या क्लिनिकमध्ये दाखल झाल्या. तिथलं सविस्तर सांगत नाही, कारण ते चांगलं झालं. ठरलेली एकच थेरपिस्ट, गटचिकित्सा, स्नायू ताणून सैल सोडण्याचा जेकबसनचा व्यायाम, पाण्यातले व्यायाम, जंगलात चालणं, समाजसेविकेची भेट. रोजचा छापील तक्ता. चौदा वर्षांत पहिल्यांदा आपला स्वयंपाक आपण केला नाही, असं त्या म्हणाल्या. आणि गोम इथेच आहे. तिथे साडेसहाची बैठक नव्हती, फोन नव्हता, आईला रोज “मी ठीक आहे” सांगायचं नव्हतं. प्लास्टर काढलं म्हणजे हात लगेच बादली उचलत नाही, तसंच हे. पुनर्वसनात मिळालेली सुधारणा पुढच्या महिन्यांत ओसरत जाते, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर नंतरच्या पाठपुराव्याची सोय आहे.

पाठपुराव्याची ओळ

या सोयीचं नाव प्सी-रेना. निवृत्तिवेतन विम्याचा कार्यक्रम. सुरुवातीला एक वैयक्तिक भेट, मग आठवड्यातून एकदा दीड तासाच्या 25 गट-बैठका, शेवटी एक वैयक्तिक भेट. गटात जास्तीत जास्त दहा जण. रुग्णाला काही भरावं लागत नाही. डिस्चार्जनंतर तीन महिन्यांच्या आत सुरुवात आणि बारा महिन्यांच्या आत शेवट. गट मिटत नाही : एक जण संपवून जातो, त्याच्या जागी नवा येतो. त्यामुळे गटात कायम कुणीतरी पहिल्या आठवड्यातलं असतं आणि कुणीतरी विसाव्या. हीच या गटाची ताकद आहे असं मी मानते. घाबरलेल्या माणसाला तज्ज्ञापेक्षा, चार महिन्यांपूर्वी तितकाच घाबरलेला दुसरा माणूस जास्त पटतो.

बाईंच्या डिस्चार्ज अहवालात काम करण्याच्या क्षमतेच्या तक्त्यात “6 तास आणि त्याहून अधिक” या चौकोनात फुली होती. खाली शिफारशींत इतर चार गोष्टींच्या मध्ये पाठपुराव्याची एक ओळ. निघायच्या आदल्या दुपारी त्यांना गटांच्या फोन नंबरांची यादी मिळाली. घरी येऊन त्यांनी फोन केले : एक गट भरलेला, दुसरीकडे आन्सरिंग मशीन, तिसरीकडे उन्हाळ्यानंतर बघू. जर्मन भाषेत मशीनवर निरोप ठेवणं हा त्यांच्यासाठी छातीत धडधड सुरू होण्याचाच प्रसंग. दोन आठवड्यांत त्यांनी फोन करणं सोडून दिलं.

माझा आग्रह असा की ही यादी शेवटच्या दुपारी देऊन चालत नाही. तिसऱ्या आठवड्यात, रुग्ण क्लिनिकमध्येच असताना, समाजसेविकेने शेजारी बसून फोन लावायला हवा आणि रुग्णाने घरी जाताना पहिल्या भेटीची तारीख आणि वेळ घेऊन निघायला हवं. काही क्लिनिकमध्ये असं करतात आणि तिथून आलेले रुग्ण माझ्यापर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पोचतात. आपल्याकडच्या 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 98 मध्ये डिस्चार्जचं नियोजन रुग्णाशी आणि त्याच्या माणसांशी बोलून करायला सांगितलं आहे. तिथे काम करणाऱ्या वाचकांना मी म्हणेन की या कलमातून तारीख-वेळ-माणूस एवढं तरी ठरवून घ्या.

कामावर परत

दरम्यान दुसरा धागा सुरू झाला होता. आजारपणानंतर टप्प्याटप्प्याने कामावर परतण्याची जर्मनीत एक पद्धत आहे, तिला हॅम्बुर्ग मॉडेल म्हणतात. आधी चार तास, मग सहा, मग पूर्ण वेळ. या काळात माणूस कायद्याने आजारीच धरला जातो. पुनर्वसनानंतर चार आठवड्यांच्या आत सुरू केलं तर पैसे निवृत्तिवेतन विमा देतो. पदरी मूल असेल तर निव्वळ पगाराच्या साधारण 75 टक्के. क्लिनिकने योजना आखून दिली : दोन आठवडे चार तास, दोन आठवडे सहा तास, मग आठ.

21 मेला त्या ऑफिसात गेल्या. मॅनेजरने फुलं दिली. मनापासून दिली असणार, यात मला शंका नाही. मग त्याने त्यांना सगळ्या जुन्या बैठकांचे निमंत्रण पाठवले. चार तासांच्या दिवसात साडेतीन तासांच्या बैठका, आणि काम उरलेल्या वेळात, म्हणजे घरी. पुण्याच्या मुलांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, “मॅम, आल्या का? देवच पावला.” त्या साडेसहाला परत बसू लागल्या. जूनमध्ये योजनेप्रमाणे पूर्ण वेळ झाला. योजना “यशस्वी” म्हणून बंद झाली आणि बाईंची झोप चार तासांवर आली.

टप्पे पाडताना फक्त तास मोजले गेले, यातच सगळं आलं. कामात काय असेल आणि काय नसेल, हे कुणी लिहिलंच नव्हतं.

गटात

जूनच्या शेवटी आमची पहिली भेट झाली. फॅमिली डॉक्टरांनी स्वतः फोन करून माझ्याकडे जागा आहे का विचारलं, म्हणून. ती भेट मराठीत झाली. बाई पाऊण तास रडल्या, मी अडवलं नाही. पण मग दोन गोष्टी ठरवल्या. एक, गट जर्मन भाषेतच होईल आणि मी त्यांच्यासाठी मराठीत वळणार नाही. दुसरं, आपली ओळख या खोलीपुरती. मराठी मंडळी इथे थोडी, महाराष्ट्र मंडळात सगळे सगळ्यांना ओळखतात आणि “मंडळात कळलं तर?” ही त्यांची खरी भीती होती. मी त्यांना सांगितलं की मंडळाच्या कार्यक्रमात मी दिसले तर तुम्ही आधी बोललात तरच मी बोलेन. पहिल्या अटीवर त्या नाराज झाल्या. माझं म्हणणं असं होतं की त्रास जिथे होतो ती जागा जर्मन भाषेत आहे, तेव्हा सराव तिथेच व्हायला हवा. वडिलांचं दुःख मात्र त्या गटात उलगडायचं नाही, त्यासाठी वैयक्तिक मानसोपचाराची रांग लावायची, हेही त्याच दिवशी ठरलं. 116117 या डॉक्टरांच्या भेटी ठरवून देणाऱ्या नंबरवर फोन करून सुरुवातीच्या सल्ल्याची भेट लवकर मिळते. प्रत्यक्ष उपचार सुरू व्हायला महिने जातात.

गटात तेव्हा एक बसचालक, एक शिक्षिका, एक वृद्धाश्रमातली परिचारिका, एक बँकेतला माणूस असे आठ जण होते. पहिल्या तीन बैठकांत बाई फक्त हसून मान डोलवत होत्या. चौथ्या बैठकीत मी त्यांना एक वाक्य बोलायला सांगितलं : आज हे माझ्याकडून होणार नाही, गुरुवारी देते. बसचालक मॅनेजर झाला.

त्या म्हणाल्या, आज हे होणार नाही, कारण मुलाच्या शाळेत बैठक आहे, आणि कालही मी उशिरापर्यंत बसले होते, आणि खरंतर रात्री करूनही देता येईल.

बसचालकाने खांदे उडवले. “मग रात्री करा की,” तो म्हणाला.

सगळे हसले, त्याही हसल्या. मग तो खुर्चीत पुढे सरकून म्हणाला, “तुम्ही नकार देता आणि लगेच तो स्वतःच परत घेता. मला काही करायची गरजच पडत नाही.” हे मी सांगितलं असतं तर त्यांनी वहीत लिहून घेतलं असतं. त्याने सांगितलं म्हणून त्या गप्प झाल्या. पुन्हा म्हणाल्या. पुन्हा एक कारण आलं. तिसऱ्यांदा वाक्य गुरुवारवर संपलं आणि त्यांच्या मानेवर लाल चट्टे उमटले. शिक्षिकेने विचारलं, मान दुखतेय का? दुखत होती. त्या वेळी प्रथमच त्यांनी दुखणं आणि प्रसंग शेजारी-शेजारी पाहिले, कुणी समजावून न सांगता.

पहिला खरा प्रयोग ऑफिसात झालाच नाही. ऑगस्टमध्ये मंडळाच्या गणपतीचं नियोजन चाललं होतं, 7 सप्टेंबरची चतुर्थी. दरवर्षी दीडशे माणसांच्या महाप्रसादाची जबाबदारी यांच्याकडे. सचिवांचा फोन आला, “वहिनी, मसालेभात तुमच्याच हातचा.” त्या म्हणाल्या, “यंदा मी फक्त आरतीला येईन.” पलीकडे दोन क्षण शांतता, मग “बरं, बघतो दुसरं कुणी.” एवढंच. गटात हे सांगताना त्यांना स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. गटातल्या कुणाला महाप्रसाद म्हणजे काय माहीत नव्हतं, तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मालकाशी बोलणं

बारा महिन्यांत सहा आठवड्यांपेक्षा जास्त आजारी राहिलेल्या कर्मचाऱ्याला मालकाने कामावर टिकून राहण्याविषयीच्या चर्चेचा प्रस्ताव द्यावाच लागतो, तसा कायदा आहे. कर्मचाऱ्यावर सक्ती नसते. बाईंना हे पत्र हिवाळ्यातच आलं होतं आणि त्यांनी “नको” वर खूण करून परत पाठवलं होतं, कारण मनुष्यबळ विभागाचं पत्र म्हणजे काढून टाकण्याची पहिली पायरी असं त्यांना वाटलं. पुष्कळ परदेशी कर्मचारी असंच समजतात. पूर्वी व्हिसा नोकरीला बांधलेला असायचा, ती भीती कायम परवाना मिळाल्यावरही अंगात राहते.

जुलैत आम्ही ते पत्र पुन्हा वाचलं. चर्चा नंतरही मागता येते. 2021 पासून कर्मचारी आपल्या विश्वासातलं कुणीही सोबत नेऊ शकतो. त्यांनी कामगार समितीतल्या एका अनुभवी बाईंना नेलं. निदान सांगायचं बंधन नाही, हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला बैठक झाली. मागण्या तीनच होत्या : पुण्याची बैठक सकाळी साडेआठच्या आधी नको, दोन कार्यालयांतल्या तक्रारी त्यांच्यामार्फत न जाता लेखी जाव्यात, आणि आठवड्यातून दोन दिवस घरून काम. पहिली आणि तिसरी मान्य झाली. दुसरी “बघू” वर राहिली. पुणे कार्यालयाला बारा वाजताची बैठक उलट सोयीची वाटली. तीन वर्षं कुणी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर पितृपक्षात त्या रजा घेऊन सांगलीला गेल्या. भावाने वडिलांचं श्राद्ध केलं, या पहिल्यांदा हजर होत्या. गटाच्या दोन बैठका बुडाल्या. बारा महिन्यांची मुदत असल्याने त्याने बिघडलं नाही, आणि अशा कामासाठी बैठक बुडवायला मी कुणालाही सांगेन. परतल्यावर दुखणं होतं तेवढंच होतं. आईचा रोजचा फोन मात्र त्यांनी एक दिवसाआड केला, भावाला सांगून.

काय झालं, काय नाही

नोव्हेंबरमध्ये एक घसरण आली. तीन रात्री झोप नाही, पुन्हा “सगळं वाया गेलं.” गटात एक नवा माणूस आला होता, डिस्चार्ज होऊन दहा दिवस झालेला. त्याला समजावताना बाईंनी स्वतःचा जून सांगितला : कधी बिघडलं, कशाने, काय केलं. सांगता सांगता त्यांच्याच लक्षात आलं की या वेळी तीन रात्री गेल्या आहेत, जूनमध्ये तीन आठवडे गेले होते. त्यानंतरच्या बैठका आम्ही हळूहळू पंधरा दिवसांवर नेल्या, म्हणजे मधल्या काळात त्यांना एकटीने निभावता येतंय का ते दिसावं.

मार्च 2025 मध्ये शेवटची वैयक्तिक भेट झाली. पीएचक्यू-9 वर 7. मान आठवड्यातून दोन-तीन दिवस दुखते. कामावर पूर्ण वेळ, हिवाळ्यात सर्दी-तापाची चार दिवसांची रजा सोडली तर गैरहजेरी नाही. नवऱ्याबद्दल त्या म्हणाल्या की तो अजूनही “आता बरी आहेस ना?” असं विचारतो आणि उत्तर “हो” असावं अशी त्याची अपेक्षा असते. गटात नवऱ्या-बायकोंसाठी जागा नाही, या कार्यक्रमातली ही मोठी उणीव आहे. एखादी तरी बैठक घरच्या माणसासोबत व्हायला हवी असं मी निवृत्तिवेतन विम्याच्या अहवालात प्रत्येक वेळी लिहिते. दोन कार्यालयांतल्या तक्रारी अजून त्यांच्याकडेच येतात. वैयक्तिक मानसोपचाराची जागा एप्रिलपासून मिळाली आहे. वडिलांबद्दल तिथे बोलायचं आहे, हे त्यांनी पहिल्याच प्राथमिक भेटीत सांगून टाकलं.

भेटीच्या शेवटी मी धोक्याच्या खुणांचा कागद काढला. त्यांनी तो आधीच भरून आणला होता. पहिल्या ओळीत “सकाळची बैठक सरकू लागणे.” फेब्रुवारीत पुण्याच्या नव्या टीम लीडने बैठक आधी आठला, मग साडेसातला आणली होती. दुसऱ्या आठवड्यात बाईंनी मॅनेजर आणि पुणे दोघांनाही एक मेल लिहिली : सप्टेंबरात ठरल्याप्रमाणे साडेआठच्या आधी मी उपलब्ध नाही. कारण लिहिलं नव्हतं. बैठक परत साडेआठला गेली.